फ्रेटलेस डायरी, भाग 6: सूर चढत होता तो इथून

तीन आठवडे बोटांना शिव्या घातल्या आणि चोर निघाला नट, म्हणजे मानेच्या टोकाची, जिच्या खाचांतून तारा जातात ती पट्टी.

डेथ या मेटल बँडच्या 'इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स' अल्बममधल्या बेसिस्ट स्टीव्ह डिजॉर्जिओच्या लाइन्ससाठी जुन्या बेस गिटारचे फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) काढून घेतले, त्यांच्या जागी नुसत्या रेघा उरल्या, ते मागे सांगितलंच आहे. ट्यूनिंग डेथचं नेहमीचं, पूर्ण एक स्वर खाली: डी-जी-सी-एफ. वरच्या रेघांवर सगळं सुरात. दुसऱ्या रेघेवर मात्र प्रत्येक स्वर चढा.

आधी वाटलं, सवय. फ्रेट असले की बोट फ्रेटच्या जरा मागे, इथे नेमकं रेघेवर. ती सवय मोडली, स्वर चढाच. सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे घेतलं तर वरचे स्वर उतरले. रविवारी वैतागून ट्यूनर बंद केला आणि बायकोची तानपुरा पेटी सफेद दोनला लावली. (डी म्हणजेच सफेद दोन, हे डोक्यात यायला तीन आठवडे! हसा.) जी तारेवर दुसऱ्या रेघेवरचा ए, म्हणजे पंचम, पेटीशी भांडत होता. तोच ए डी तारेवर सातव्या रेघेला घेतला की पेटीत विरघळायचा. सी तारेवरच्या षड्जाचंही तेच.

बोट तेच, कान तेच. म्हणजे गडबड नटपाशी. फ्रेट गेले, पण नटच्या खाचा अजून फ्रेटच्याच उंचीच्या. नटजवळ तार लाकडापर्यंत दाबताना जास्त ताणली जाते आणि स्वर चढतो. फ्रेट काढणाऱ्या कारागिराने नटला हातच लावला नव्हता. पैसे मात्र पूर्ण.

बोहरी आळीतून बारीक गोल कानशींचा संच आणला. खास नट-फाइल्सवर पैसे उधळू नका. तार सैल करा, चार-पाच वेळा घासा, लावून बघा, परत सैल. पहिल्या रेघेवर तारेखालून व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तेव्हा थांबलो. एफ तारेला हात जड पडला, ती लाकडाला लागून बझ मारायला (करकरायला) लागली. ती खाच बेकिंग सोडा आणि फेव्हिक्विकने भरून पुन्हा कापली.

आणि मग फ्रेटलेसचा तो 'म्वाऽ' असा गाणारा आवाज! डीवरून ईवर सरकताना चक्क मींड ऐकू आली. दहा मिनिटं तेवढंच वाजवत बसलो.

डेथच्या 1987 च्या पहिल्या अल्बमच्या गाण्यांत नुसती प्रेतं. 1990 ला बँडचा गायक-गिटारिस्ट चक शुल्डिनर ढोंगी धर्मोपदेशक आणि व्यसनांवर आला, 1991 च्या 'ह्यूमन'पासून माणसाच्या आत शिरला. त्याच अल्बमवर सिनिक बँडचे पॉल मॅस्विडाल आणि शॉन रायनर्ट, म्हणजे जॅझचं वारं. विश्वासघातावर गाताना खाली बेसने नुसता रूट (कॉर्डचा मूळ स्वर) धरून कसं चालेल? माझं आपलं मत.

पुढचा नंबर डेथच्याच 'सिम्बॉलिक' अल्बमचा ठरला होता. पण लिहितालिहिता वाटतंय, आधी 'ह्यूमन'च घ्यावा. मूळ मिक्समध्ये बेस गाडला गेलाय. 2011 च्या नव्या मिक्सवरून उतरवता येईल.

पेटी बायकोला पहाटे रियाजाला लागते आणि माझी वेळही तीच. कुणाकडे जुनी पडून असेल तर सांगा.