घरच्या ट्रेडमिलची निवड कोणाच्या मापाने करावी?

घरी ट्रेडमिल घ्यायचे ठरले की बहुतेक जण आधी खर्चाची मर्यादा ठरवतात आणि मग तेवढ्यात जास्तीत जास्त सोयी देणारे यंत्र शोधू लागतात. माझ्या मते त्याआधी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर उतरवावीत : ट्रेडमिल वापरणाऱ्यांत सर्वांत वजनदार कोण, सर्वांत उंच कोण, सर्वांत वेगाने कोण धावणार, आणि घरात वावरणारे सर्वांत लहान मूल किती वर्षांचे आहे. घरातील मधल्या बांध्याच्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून घेतलेले यंत्र या चौघांपैकी कोणाला तरी अपुरे पडते किंवा धोक्याचे ठरते, आणि ज्याला ते अपुरे पडते तो काही आठवड्यांत त्यावर चढणे सोडून देतो. आमच्या घरी सासरे सावकाश चालतात, मुलगा धावतो आणि मी चढ लावून चालते. एकाच यंत्राकडून तिघांच्या अपेक्षा किती वेगळ्या असतात हे मी रोज पाहते, म्हणून हे सविस्तर लिहावेसे वाटले.

सुरुवात मोटरपासून करावी लागते, कारण जाहिरातीत सर्वांत ठळक आकडा तिचाच असतो आणि सर्वांत जास्त गोंधळही त्याच आकड्याचा असतो. मोटरची शक्ती अश्वशक्तीत सांगतात आणि एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॉट. मात्र हा आकडा दोन प्रकारे दिला जातो. एक असतो ‘पीक’, म्हणजे मोटर काही क्षणांपुरती गाठू शकेल अशी कमाल शक्ती. दुसरा असतो ‘कंटिन्युअस’, म्हणजे ती सलग, न तापता देत राहील अशी शक्ती. आपल्या कामाचा आकडा दुसरा आहे, आणि तो स्पष्ट लिहिलेला नसेल तर विक्रेत्याला आग्रहाने विचारावा. उत्तर संदिग्ध मिळाले तर यंत्रावरच्या पाटीवरील वीजवापराचा आकडा वाचावा. चार अश्वशक्ती म्हणजे जवळजवळ ३,००० वॉट. पाटीवर १,५०० वॉट लिहिले असतील, तर ती मोटर सलग चार अश्वशक्ती देणे शक्यच नाही, कारण कोणतीही मोटर घेतलेल्या विजेपेक्षा अधिक काम करू शकत नाही. हा साधा गुणाकार केला की अनेक मोठे दावे आपोआप जमिनीवर येतात. ढोबळ मानाने केवळ चालण्यासाठी सलग दोन, अधूनमधून हलके धावण्यासाठी अडीच आणि नियमित धावण्यासाठी तीन किंवा त्याहून अधिक अश्वशक्तीची मोटर पाहावी.

यात एक बाब मात्र दुकानात क्वचितच सांगितली जाते. वजनदार व्यक्तीचे सावकाश चालणे मोटरला हलक्या व्यक्तीच्या धावण्यापेक्षाही जड जाऊ शकते. धावताना दोन पावलांच्या मध्ये शरीर क्षणभर हवेत असते आणि तेवढा वेळ पट्टा मोकळा फिरतो. चालताना मात्र एक पाऊल सतत पट्ट्यावर असते, पट्टा खालच्या फळीवर दाबला जातो आणि घर्षण एक क्षणही सुटत नाही. त्यातच मोटर थंड करणारा पंखा बहुधा तिच्याच दांड्यावर बसवलेला असल्यामुळे वेग कमी असताना तोही हळू फिरतो आणि उष्णता साचत जाते. त्यामुळे ‘नुसते चालायचेच तर आहे, लहान मोटर पुरेल’ हा सल्ला शंभर किलो वजनाच्या माणसाने स्वीकारू नये. यंत्रावर लिहिलेली कमाल वजनमर्यादाही घरातील सर्वांत वजनदार व्यक्तीपेक्षा किमान पंधरा ते वीस किलोंनी जास्त असावी. धावताना प्रत्येक पावलाचा दाब शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट होतो, आणि मर्यादेच्या अगदी काठावर चालवलेल्या यंत्राची चौकट डुगडुगू लागते, जोड सैल होतात आणि चालणाऱ्याचा त्यावरचा विश्वास उडतो.

पट्ट्याच्या बाबतीत वजनाऐवजी उंची आणि वेग महत्त्वाचे ठरतात. चालण्यासाठी ४० ते ४५ सेंटिमीटर रुंद आणि १२० ते १३० सेंटिमीटर लांब पट्टा पुरतो. धावण्यासाठी रुंदी ५० आणि लांबी निदान १४० सेंटिमीटर असावी, आणि धावणारा सहा फुटांच्या आसपास उंच असेल तर दीड मीटरहून लांब पट्टा शोधावा. वेग वाढतो तसे पाऊल लांब पडते. पट्टा आखूड असला की धावणारा नकळत पावले आखडती घेतो, पुढे मोटरच्या झाकणाजवळ सरकतो आणि मागे घसरण्याच्या भीतीने त्याची सगळी ढब बदलते. माहितीपत्रकात दिलेली लांबी अनेकदा संपूर्ण यंत्राची असते, म्हणून प्रत्यक्ष पाऊल पडू शकेल एवढ्याच पट्ट्याचे माप टेपने घ्यावे. वयस्कर व्यक्तींसाठी मी रुंदीला लांबीपेक्षा अधिक महत्त्व देईन, कारण सावकाश चालताना त्यांचा तोल डावीउजवीकडे झुकतो आणि अरुंद पट्ट्यावर पाऊल कडेच्या पट्टीवर पडण्याचा धोका राहतो. पट्टा ज्या रोलरांवर फिरतो ते जाड असले, तर पट्ट्याला प्रत्येक फेऱ्यात कमी वाकावे लागते आणि तो जास्त काळ टिकतो. हे माप कोणी आपणहून सांगत नाही, पण विचारल्यावर मिळते.

फळीखालच्या गाद्यांबद्दल फार बोलले जाते. त्या असाव्यात, पण पाऊल रुतेल इतक्या मऊ नसाव्यात, एवढेच मी म्हणेन.

चढाची सोय ही मला घरगुती ट्रेडमिलची सर्वांत मोलाची सोय वाटते, आणि नेमकी तिच्यावरच अनेक घरांत काटकसर होते. व्यायामशास्त्रात चालताना लागणाऱ्या ऑक्सिजनचा अंदाज घेण्यासाठी एक प्रचलित सूत्र आहे. त्यानुसार ताशी ५ किलोमीटर वेगाने सपाटीवर चालताना दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे १२ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. वेग तोच ठेवून ५ टक्के चढ लावला की ही गरज १९ च्या पुढे जाते आणि १० टक्क्यांवर २७ च्या जवळ पोहोचते. म्हणजे पाय जरासुद्धा जोरात न आपटता, गुडघ्यांना धावण्याचे धक्के न देता, श्रम दुपटीहून अधिक होतात. हृदयाच्या तपासणीसाठी केली जाणारी ट्रेडमिल टेस्ट हेच तत्त्व वापरते. रॉबर्ट ब्रूस या हृदयरोगतज्ज्ञांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत पहिल्या तीन मिनिटांचा वेग ताशी जेमतेम २.७ किलोमीटर असतो, पण चढ १० टक्के असतो. पुढच्या टप्प्यात वेग ४ आणि चढ १२ टक्के होतो. एवढ्या मंद वेगातही माणसाला धाप लागते ती चढामुळे. धावणाऱ्यांसाठीही थोडा चढ उपयोगी आहे, कारण घरात समोरून हवेचा विरोध होत नाही. जोन्स आणि डाउस्ट या संशोधकांनी १९९६ साली दाखवून दिले की वेगाने धावताना १ टक्का चढ ठेवल्यास श्रम बाहेरच्या सपाट रस्त्यावरील धावण्याइतके होतात.

म्हणूनच घरात कोणी ताशी १८ किलोमीटर वेगाने धावणार नसेल, तर कमाल वेगावर पैसे घालवण्यापेक्षा बटण दाबून १० ते १५ टक्क्यांपर्यंत बदलता येणारा चढ घ्यावा. हाताने बदलायच्या चढासाठी दर वेळी यंत्र थांबवून खाली उतरावे लागते आणि मग तो चढ वर्षानुवर्षे एकाच खाचेत अडकून राहतो. चढावर चालताना पुढचे दांडे घट्ट धरून मागे रेलू नये, कारण त्यामुळे शरीराचे वजन हातांवर येते आणि चढाचा बराचसा लाभ निघून जातो. पोटऱ्या आणि टाचेमागची शीर यांना सवय होईपर्यंत चढ आठवड्या-आठवड्याने थोडाथोडा वाढवावा. हृदयविकार, गुडघेदुखी किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल, तर यंत्र घेण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण त्या सल्ल्यावर यंत्राची निवडही बदलू शकते.

चढाचा संबंध छताशीही आहे. फळी जमिनीपासून पंधरा ते वीस सेंटिमीटर उंच असते, आणि १४० सेंटिमीटरच्या पट्ट्याला १५ टक्के चढ दिला की त्याचे पुढचे टोक आणखी २१ सेंटिमीटर वर जाते. धावताना शरीर वरखाली होते ते वेगळेच. १८० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे डोके अशा वेळी सहज सव्वादोन मीटरपर्यंत पोहोचते, तेव्हा वर पंखा, तुळई किंवा माळा असेल तर जागा बदलावी. जमिनीवरचे मापही तितक्याच काटेकोरपणे घ्यावे. पट्ट्याच्या मागे साधारण दोन मीटर आणि दोन्ही बाजूंना अर्धा मीटर मोकळी जागा असावी. ही जागा वाया गेली असे अनेकांना वाटते, परंतु पडलेला माणूस नेहमी मागे फेकला जातो, आणि मागे भिंत असेल तर तो भिंत व फिरता पट्टा यांच्यामध्ये अडकून त्याची कातडी सोलवटते. घडीची ट्रेडमिल घेतली म्हणून हा हिशेब टळत नाही; घडी केल्यावर किती जागा लागते यापेक्षा उघडल्यावर किती लागते हे पाहावे. व्यायामाआधी रोज टेबल सरकवावे लागणार असेल, तर तो व्यायाम फार दिवस चालत नाही.

लहान मुलांचा मुद्दा मी सर्वांत गंभीर मानते. मे २०२१ मध्ये पेलोटन कंपनीने तिची ट्रेड प्लस ही ट्रेडमिल अमेरिकेत परत मागवली, कारण मुले, पाळीव प्राणी आणि वस्तू तिच्या मागच्या बाजूने खाली ओढल्या गेल्याच्या अनेक घटना नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यांत एका बालकाचा मृत्यू झाला होता. फिरता पट्टा जिथे मागच्या रोलरखाली वळतो, ती जागा कोणत्याही ट्रेडमिलवर धोक्याची असते. तिथे बोटे जाऊ नयेत असे आवरण आहे का आणि पट्ट्याखाली किती फट आहे, हे खाली वाकून पाहावे. सेफ्टी की, म्हणजे ओढली गेली की यंत्र बंद करणारी छोटी चावी, हिची दोरी कपड्यांना अडकवल्याशिवाय यंत्र सुरू करू नये, आणि व्यायाम झाल्यावर ती की काढून मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावी. की काढल्यावरही पट्टा फिरू शकत असेल तर ते यंत्र घेऊच नये.

अलीकडे टेबलाखाली सरकवता येणारे चपटे वॉकिंग पॅड लोकप्रिय झाले आहेत. काम करता करता ताशी दोन-तीन किलोमीटरने चालायला ते चांगले आहेत, पण बहुतेकांना धरायला दांडे नसतात, पट्टा आखूड असतो आणि चढ बदलत नाही. वयस्कर व्यक्तीसाठी ते घेऊ नयेत.

पडद्याबद्दल थोडक्यात सांगते. वेग, वेळ, अंतर आणि चढ एवढे आकडे चष्म्याशिवाय वाचता आले की पुरे. दांड्यांवरच्या पट्ट्या धरून दिसणारे हृदयाचे ठोके छातीच्या पट्ट्याइतके भरवशाचे नसतात, आणि उष्मांकांचा आकडा तर केवळ अंदाज असतो.

ट्रेडमिल न चालवता विकत घेऊ नये. ज्या बुटांनी घरी व्यायाम करणार तेच बूट घालून, घरातील सर्वांत वजनदार आणि सर्वांत वेगवान अशा दोघांनीही किमान दहा मिनिटे ती चालवून पाहावी. सावकाश वेगात टाच जोरात टेकवल्यावर पट्टा क्षणभर अडखळतो का, वेग वाढवताना झटका बसतो का, थांबण्याचे बटण न पाहता हाताला लागते का, दांडे कोपराला आडवे येतात का, याकडे लक्ष द्यावे. दुकानातील गोंगाटात मोटरचा आवाज कळत नाही आणि खालच्या मजल्यावर तर पावलांचाच आवाज जास्त जातो, म्हणून जाड रबरी चटई यंत्रासोबतच घ्यावी. वॉरंटी वाचताना चौकट आणि मोटर यांच्या लांबलचक मुदतीवर समाधान मानू नये. कंट्रोलर बोर्ड (मोटरचा वेग सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट), पट्टा आणि दुरुस्तीची मजुरी यांची मुदत किती, घरी येणारा टेक्निशियन उपलब्ध आहे का आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील, हे लेखी घ्यावे.

यंत्र घरी आल्यावर ते व्यवस्थित अर्थिंग असलेल्या, जास्त क्षमतेच्या स्वतंत्र सॉकेटला जोडावे. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये. पट्ट्याखाली फक्त सिलिकॉन तेल घालावे, आणि ते किती दिवसांनी घालायचे याचे वेळापत्रक कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे पाळावे. फळी कोरडी पडली की घर्षण वाढते, मोटर जास्त वीज खेचते आणि शेवटी तो भार कंट्रोलर बोर्डावर येतो. पट्टा एका बाजूला सरकू लागला, तर ज्या बाजूला सरकला त्या बाजूचा मागचा बोल्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा फिरवावा, यंत्र रिकामेच सावकाश चालू ठेवून मिनिटभर पाहावे आणि गरज वाटली तरच पुन्हा पाव फेरा द्यावा. जोडणीसाठी आलेल्या टेक्निशियनकडून ही दोन्ही कामे त्याच दिवशी स्वतःच्या हाताने करून शिकून घ्यावीत.