तुम्ही विचारलंत म्हणून : बॉम्बफेकी विमानातला मिनार्स्की

बॉम्ब टाकायला निघालेल्या माणसाचे स्मरण कसले करता, आणि तेही ना आपल्या देशाच्या ना नात्यातल्या माणसाचे, असे मला नेहमी विचारले जाते. कारण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणाचा कॅनडातला नोव्हेंबर उजाडला की माझ्या बोलण्यात अँड्र्यू मिनार्स्की येतोच. प्रश्न रास्त आहे.

पोलंडहून कॅनडात आलेल्या आई-वडिलांचा हा मुलगा विनिपेगचा. वायुदलात जाण्यापूर्वी तो कातडी कापण्याचे काम करी. कॅनडाच्या वायुदलातील 419 स्क्वाड्रन या तुकडीच्या लँकॅस्टर जातीच्या बॉम्बफेकी विमानात, पाठीवरच्या पारदर्शक घुमटात बसणारा तो गनर होता. ते विमान माल्टनच्या कारखान्यात तयार झाले होते. त्याच माल्टनला आज टोरांटोचा पिअर्सन विमानतळ आहे, जिथे आपल्यापैकी बहुतेकांनी बॅगा ओढत या देशात पहिले पाऊल टाकले.

दुसऱ्या महायुद्धात, 12 जून 1944 च्या रात्री हे विमान फ्रान्समधील कांब्रे येथील रेल्वे यार्डावर निघाले. नॉर्मंडीत दोस्तांचे सैन्य उतरून जेमतेम आठवडा झाला होता आणि जर्मन कुमक रोखायची होती. अशा हल्ल्यांत यार्डाशेजारच्या वस्त्यांतले फ्रेंच नागरिकही मरत. ते झाकून कोणाचा गौरव करावा, असे मला वाटत नाही.

वाटेत जर्मन लढाऊ विमानाने गाठले. डावीकडची दोन्ही इंजिने बंद पडली, आग लागली, आणि वैमानिकाने उड्या टाकण्याचा हुकूम दिला. मिनार्स्की दारापर्यंत पोहोचलाही होता. मात्र शेपटीतला गनर पॅट ब्रॉफी आपल्या घुमटात अडकल्याचे त्याला दिसले: घुमट फिरवणारी हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली होती आणि हाताने फिरवायचा दांडाही तुटला होता. लँकॅस्टर शेपटीकडे इतके निमुळते होत जाते की तिथे ताठ उभे राहता येत नाही. त्या चिंचोळ्या जागेतून, जळत्या तेलातून रांगत मिनार्स्की गेला. कुऱ्हाडीने आणि मग नुसत्या हातांनी त्याने घुमट हलवून पाहिला. काही उपयोग नाही, जा, असे ब्रॉफीने खुणावले, तेव्हा तो तोंड न फिरवता दारापर्यंत मागे सरकला, तिथे पेटत्या कपड्यांनिशी ताठ उभा राहिला, सलाम केला आणि उडी टाकली. पॅराशूटलाही आग लागली होती. भाजल्याने तो थोड्याच वेळात गेला. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता.

ब्रॉफी मात्र वाचला. विमान आदळताच तो बाहेर फेकला गेला. त्याने सांगितले म्हणूनच हे कळले, आणि 1946 साली मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. बॉम्बर कमांडची, म्हणजे ब्रिटिश वायुदलाच्या बॉम्बफेकी शाखेची, त्या युद्धात 55,573 माणसे मेली. त्यांतल्या अनेक विमानांतून परत येऊन सांगणारा कोणी उरलाच नाही. मी त्या रात्रीच्या बॉम्बहल्ल्याचे नव्हे, दार समोर असताना मागे वळलेल्या माणसाचे नाव घेतो. आणि त्यासाठी तो आपल्या नात्यातला असावा लागतो, असे मला तरी वाटत नाही.