मिटलेले शिंपले

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, डेटनहून सिनसिनाटीकडे जाताना वेन्सव्हिल या लहानशा गावाजवळ सीझर क्रीक हे धरण लागते. त्याचा आपत्कालीन सांडवा खडक खोदून काढलेला असल्यामुळे चुनखडकाचे आणि पंकाश्माचे (म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या मऊ खडकाचे) राखाडी थर तेथे आलटूनपालटून उघडे पडले आहेत. माहिती केंद्रातून विनामूल्य परवाना घेतला की जीवाश्म वेचता येतात; मात्र हातोडी-छिन्नी वापरायची नाही, खडक फोडायचा नाही आणि तळहातात न मावणारा नमुना जागच्या जागी ठेवायचा, असे तेथील नियम आहेत. मी शक्यतो पाऊस पडून गेल्यानंतर जातो, कारण मऊ पंकाश्म भिजून सुटतो आणि त्यात अडकलेले टणक शिंपले आपोआप मोकळे होतात.

माझे बालपण साताऱ्याकडे गेले. तेथे विहीर खणली तरी काळा पाषाणच लागतो, आणि लाव्हा थिजून झालेल्या त्या खडकात समुद्रातला प्राणी सापडण्याची सोयच नाही. तो पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. सीझर क्रीकचे थर जवळजवळ ४५ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे ऑर्डोव्हिशियन कालखंडाच्या उत्तरार्धातले आहेत. त्या काळी हा प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेला, उबदार आणि उथळ समुद्राखाली होता. पूर्वेला वर येत असलेल्या पर्वतांची झीज होऊन चिखल या समुद्रात येत असे. वादळ आले की लाटा तळ घुसळून काढत, बारीक गाळ वर उठून दूर वाहून जाई आणि जड शिंपले मागे एकत्र साचत. त्यांचीच पुढे चुनखडकाची लादी झाली. वादळ शमल्यावर जो गाळ सावकाश खाली बसला, त्याचा पंकाश्म झाला.

या लाद्यांत ब्रॅकिओपॉड, म्हणजे दोन झडपांचे कवच असलेले समुद्री प्राणी, इतक्या संख्येने असतात की काही ठिकाणी खडक कमी आणि शिंपले अधिक असे वाटते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते आपण खातो त्या तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांसारखेच दिसतात, पण दोघांचे नाते अगदी दूरचे आहे. तिसरीच्या दोन झडपा आरशातल्या प्रतिमांसारख्या एकमेकींशी जुळतात. त्यांतली एकच झडप घेऊन मधोमध रेघ ओढली, तर दोन्ही बाजू सारख्या येत नाहीत. ब्रॅकिओपॉडचे नेमके उलटे असते. त्याची एक झडप मोठी व दुसरी लहान, किंवा एक फुगीर व दुसरी खोलगट असते, पण प्रत्येक झडपेचे डावे-उजवे भाग तंतोतंत जुळतात.

मला त्याहून मोलाचा वाटणारा फरक स्वयंपाकघरात कळतो. तिसऱ्या शिजवल्या की उघडतात, कारण त्यांच्या बिजागरीपाशी लवचिक बंध असतो आणि झडपा मिटून धरणारे स्नायू सैल पडताच तो बंध त्या उघडतो. ब्रॅकिओपॉडमध्ये असा बंध नाही. मिटण्यासाठी स्नायू आहेत, तसे उघडण्यासाठीही स्वतंत्र स्नायू आहेत. प्राणी मेला की उघडणारे कोणी उरत नाही. त्यातच बऱ्याच प्रकारांच्या बिजागरीत एका झडपेचे दात दुसरीच्या खोबणीत बसलेले असतात. म्हणूनच ४५ कोटी वर्षांनंतरही दोन्ही झडपा घट्ट मिटलेला शिंपला हाती येतो. शिवाय ब्रॅकिओपॉडचे कवच कॅल्साइट या टिकाऊ खनिजाचे असते. त्याच थरांतल्या गोगलगायींची आणि तिसऱ्यांच्या गटातल्या बहुतेक द्विपुट प्राण्यांची कवचे अ‍ॅरागोनाइट या सहज विरघळणाऱ्या खनिजाची असल्याने विरघळून गेली आणि मागे बहुधा केवळ त्यांचे साचे उरले.

माझ्या टेबलावर सध्या व्हिनलँडोस्ट्रोफिया या ब्रॅकिओपॉडचा एक नमुना आहे. जुन्या पुस्तकांत याला प्लॅटिस्ट्रोफिया म्हटलेले आढळेल. आकार सुपारीहून थोडा मोठा, बिजागरीची कड सरळ आणि लांब, आणि तिच्यापासून पंख्यासारखे पसरत गेलेले धारदार कंगोरे. एका झडपेच्या मध्यावर खोल पन्हळ आहे आणि समोरच्या झडपेवर नेमका तिच्यात बसेल असा उंचवटा आहे, त्यामुळे समोरून पाहिले की दोहोंच्या सांध्याची रेघ नागमोडी दिसते. जुन्या दातांच्या ब्रशने आणि साध्या पाण्याने घासताना त्या रेघेतला चिखल निघाला आणि एका बाजूला ब्रायोझोआचा, म्हणजे वसाहत करून राहणाऱ्या सूक्ष्म जलचरांचा, जाळीदार पातळ थर दिसू लागला. तो थर सांध्याच्या रेघेपर्यंत येऊन थांबतो, तिच्यावरून पलीकडे जात नाही. त्यावरून माझा कयास असा की, हा थर वाढत असताना शिंपल्यातला प्राणी जिवंत होता आणि अन्नाचे कण गाळून घेण्यासाठी झडपा उघडत-मिटत होता.

राफिनेस्क्विना या दुसऱ्या ब्रॅकिओपॉडचे शिंपले मात्र पातळ, चपटे आणि अर्धवर्तुळाकार. ते वादळात सहज सुटे होत. गेल्या खेपेस सांडव्याच्या पूर्वेकडच्या कडेला त्यांनीच भरलेली, परातीएवढी लादी दिसली. त्यांतले बहुतेक शिंपले फुगीर बाजू वर करून पडले होते. वाहत्या पाण्यात सुटी झडप याच बाजूने स्थिरावते, म्हणून मी ते एकेक करून मोजायला बसलो. चाळीसपैकी एकतीस फुगीर बाजू वर असलेले निघाले. लादी तळहातापेक्षा पुष्कळ मोठी असल्यामुळे जागेवरच राहिली. वहीत आकडे आणि एक रेखाचित्र तेवढे घेऊन परतलो.