पिवळं वर, लाल खाली

२७ डिसेंबर, रात्र

केक चवीला कसा झाला होता, हे घरातल्या एकाही माणसानं मला अजून सांगितलेलं नाही.

डबा रिकामा आहे. म्हणजे खाल्ला सगळ्यांनी. पण खाणं वेगळं आणि खाताना वर बघून ‘बरा झालाय गं’ म्हणणं वेगळं. एवढ्या-तेवढ्याचं काय मनाला लावून घ्यायचं, असं आज दिवसभर स्वतःला बजावत होते. जादाच्या गाद्यांच्या खोळी काढल्या, मोठी पातेली माळ्यावर टाकली, वन्संना बसस्टँडवर सोडायला हे गेले तेव्हा निवांत चहा घेतला. तरी ते आतल्या आत टोचतंच आहे. म्हणून लिहायला बसले.

सगळे येणार म्हटलं की कुंदा आणायचा हे ठरलेलंच. वन्संना कुंद्याशिवाय बेळगावला आल्यासारखं वाटत नाही, आणि जाताना कोल्हापूरला बांधून न्यायचा तो वेगळा. पण पोरांना कुंदा नको, मांडे नकोत. नाताळची सुट्टी म्हणजे केक. कॅम्पातल्या बेकऱ्यांत ह्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते, आणि एवढ्या माणसांना पुरेल असा विकतचा केक आणायचा म्हणजे किती पैसे जातात ते सांगायला नको. म्हटलं, घरीच करू. मला काय केक नवीन नाही. लहानपणी दिवाळीला आम्ही मैदा-तूप-साखर घेऊन नानकटाई भाजायला बेकरीत जायचो, भट्टीच्या दारात आपला पत्रा कधी आत जातो ते बघत तासन् तास बसायचो. त्या मानानं कुकरातला केक म्हणजे पोरखेळ.

२ वाट्या मैदा, १ वाटी पिठीसाखर, १ वाटी दही, अर्धी वाटी तेल, दीड चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, लागेल तसं दूध. अंडं नाही, कारण परवा गुरुवार. थंडी एवढी की आदल्या रात्री दही लागेना, पातेलं शालीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवलं तेव्हा कुठे सकाळपर्यंत लागलं. कुकरची शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला मीठ पसरायचं, त्यावर जाळी, १० मिनिटं रिकामाच तापवायचा, मग भांडं ठेवून मंद आचेवर पाऊण तास. ह्या कामाचं मीठ मी वेगळ्या बरणीत ठेवते. भाजून भाजून ते आता पिवळट पडलंय, पण काम चोख करतं.

रंगांचा मात्र विचार करावा लागला. नातवाला फोनवर विचारलं होतं, कुठला केक पाहिजे? तर म्हणाला, ‘यल्लो आणि रेड.’ आता सहा वर्षांच्या पोरानं यल्लो आणि रेड म्हटलं, त्यात मी काय शोधणार? लालसाठी आधी बीट मनात आलं, पण सोडा आणि आच लागली की बिटाचा रंग उडून विटकरी होतो. म्हणून गणपत गल्लीतून रंगाची बाटली आणली. पिवळ्याला हळद वापरावी तर तीही सोड्याशी गाठ पडली की लालसर होते. कुंकू तसंच तर करतात, हळदीला चुना लावून. शेवटी पिवळ्याला आमरस घातला. धारवाडचा हापूस संपता संपता मेमध्ये एक पेटी घेतली होती, त्याचा रस आटवून डबे भरून ठेवले होते. त्यातला राहिलेला एकच डबा. हे आटवून ठेवा, सणासुदीला काढू, असं म्हणत म्हणत पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. तो डबा ह्या केकात गेला.

आणि ते कोणाच्या जिभेला कळलं नाही?

बेत असा होता की भांड्याच्या मध्यभागी एक डाव पिवळं, त्याच्याच डोक्यावर एक डाव लाल, पुन्हा पिवळं, असं ओतत राहायचं. पीठ आपोआप पसरतं आणि कापल्यावर पट्टे पट्टे दिसतात. दिसायला भारी, करायला काही नाही. नातू स्टुलावर उभा राहून डाव धरून होता. दोन-तीन डाव झाले आणि त्याला कंटाळा आला. ‘आज्जी, असंच ओतूया.’ लालचं सगळं पातेलं त्यानं उपडं केलं. वर पिवळं. पातेल्याच्या कडेला चिकटलेलं पीठ बोटानं निपटून चाटलं, नाकाला लाल लागलं. मला त्याचं कौतुकच वाटलं. सोपं होतं ते आणखी सोपं झालं.

जेवणं झाली, ताटं उचलली, केक मध्ये ठेवला. मी सुरी घातली, पहिला तुकडा आडवा पडला. वर पिवळं, खाली लाल, मधली रेघ फूटपट्टीनं आखावी तशी.

वन्सं म्हणाल्या, ‘अगं बाई, हा तर राज्योत्सवाचा केक!’

मग काय. १ नोव्हेंबरचा राज्योत्सव म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिवस, आणि कन्नड झेंडा असाच, वर पिवळा, खाली लाल. जाऊबाईंना हसता हसता ठसका लागला. पुतण्यांनी मोबाईल काढले. कोणीतरी म्हणालं, १ नोव्हेंबरला केला नाहीस हे नशीब, नाहीतर ह्या घरातून बाहेर घालवला असता तुला. भाऊजींना तर विषयच मिळाला. मास्तर निवृत्त झाला तरी त्याचा तास संपत नाही. हा झेंडा साठच्या दशकात कन्नड चळवळीतल्या म. राममूर्तींनी केला, मग २०१८ साली सरकारनं मधे पांढरी पट्टी आणि शिक्का घालून नवीन दाखवला, केंद्रानं काही त्याला मान्यता दिली नाही, वगैरे वगैरे. आणि वर मला म्हणतात, ‘वैनी, मधे क्रीम लावलं असतंत तर २०१८ चा झाला असता की!’

आता गंमत अशी, की क्रीम लावायचं माझ्या मनात होतं. तेवढ्यासाठी पुन्हा कोण बाजारात जाणार म्हणून राहिलं.

हसले मीही. न हसायला काय झालं? पण हसता हसता बघत होते की तुकडे तोंडात जातायत, आणि बोलणं मात्र रंगावरच चाललंय. लेक म्हणाला, ‘स्टेटसला टाकू नका रे कोणी.’ ऑफिसातल्यांसाठी म्हणाला की काकांच्या ग्रुपसाठी, ते मी विचारलं नाही. दर १ नोव्हेंबरला त्याच्या ऑफिसात जेवण असतं, सगळे पिवळ्या-लाल कपड्यांत. फोटो तो आम्हाला पाठवत नाही. बेळगाव महाराष्ट्रात गेलं नाही म्हणून इथली आम्ही मराठी माणसं तोच दिवस काळा दिवस पाळतो, पण आम्हीही त्याचं त्याला काही बोलत नाही.

ह्यांचं तर विचारूच नका. गुडघ्यानं धरेपर्यंत दर वर्षी काळ्या दिवसाच्या सायकल फेरीत जायचे. दंडावरची काळी फीत मीच इस्त्री करून द्यायचे, सुरकुती चालायची नाही. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलणार. काही नाही. सगळ्यांचं लक्ष भाऊजींच्या तासाकडे होतं तेव्हा ह्यांनी हळूच दुसरा तुकडा उचलला. तो पण पूर्ण संपवला, चुरा बोटानं टिपून. पण चांगला झालाय की वाईट, ते नाही. ह्या माणसानं जन्मात कधी भाजीला मीठ जास्त झालं असंसुद्धा सांगितलेलं नाही, गुपचूप पाणी पितात.

सूनबाई कन्नड, हुबळीची. ती जरा उशिरा हसली. हसली, मग म्हणाली, ‘आमच्याकडे हे हळदी-कुंकवाचे रंग म्हणतात, अत्ते.’ सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण माझ्याकडे बघून. घटकाभर कोणी बोलेना. मग वन्संच म्हणाल्या, ‘ते पण खरंच की.’ मी म्हणाले, ‘पाणी पाहिजे का कोणाला?’

त्याचं पुढं कधीतरी लिहीन.

आत्ता मला एवढंच कळत नाहीय, की मी केलेला एक साधा केक साधेपणानं का खाल्ला गेला नाही. वन्सं काही वाईट बोलल्या असंही नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, डोळ्यांना जे दिसलं ते. आमच्याकडे दिसतंच तसं. दुकानाची पाटी असो, लग्नाची कमान असो, रिक्षाच्या मागचं चिकटवलेलं कापड असो, आधी रंग आणि अक्षर बघायचं, मग बाकीचं. डिसेंबर आला की कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, सुवर्णसौध म्हणजे इथल्या विधानभवनाच्या बाजूला पोलीसच पोलीस, इकडे मराठी लोकांच्या मेळाव्याला परवानगी नाही म्हणून तणतण. जरा कुठे काही झालं की सीमेवर कोगनोळीला गाड्या अडतात आणि वन्सं कागलवरून फोन करतात, ‘येऊ की परत जाऊ?’ ह्यात एवढी वर्षं गेल्यावर जीभ नुसती जीभ कुठून राहणार? ती पण आधी झेंडाच चाखणार.

पण मी आमरस घातला होता. मेचा. शेवटचा डबा.

म्हणजे मला वाईट झेंड्याचं वाटलंच नाही. भांडायचं असतं तर भांडले असते, नाहीतर त्या सगळ्यांसारखी विसरून गेले असते. मला वाईट आमरसाचं वाटलंय. दिवाळीला लेक आला नव्हता म्हणून तो डबा काढला नव्हता, हे काय सगळ्यांना सांगत बसायचं? सांगून कौतुक करून घेण्यात काय अर्थ आहे? कोणीतरी आपणहून ‘आंबा घातलायस काय गं?’ एवढं विचारायचं होतं. एवढंच. इतक्या माणसांत एकालाही आंबा ओळखता येऊ नये? इकडं पोरं मँगो बर्फी, मँगो लस्सी, मँगो सगळं खातात. फ्रीजरमधला खरा आंबा तोंडात गेला तरी मोबाईलमध्ये बघतात.

हे लिहून झाल्यावर वाटतंय, काय ही रडकथा. वय झालं माझं.

आज सकाळी मात्र एक झालं. भांड्याला मावशी आल्या. केकाचा एक तुकडा मी काल बाजूला झाकून ठेवला होता, तो द्यायला गेले. त्यांचे दोन्ही हात राखेत, म्हणाल्या, ‘घाला तोंडात, वैनी.’ घातला. त्यांनी तो निवांत चघळला, दुधाचं पातेलं घासता घासता. पिवळा की लाल, त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मग म्हणाल्या, ‘गोड कमी हाय. आंब्याचा वास बेस येतोय. कुकरात केला काय? खाली जरा कडक लागतंय.’

मला इतकं बरं वाटलं. आणि तेवढाच रागही आला. गोड कमी कसं? १ वाटी पिठीसाखर, वर आमरसाची गोडी! दही जरा आंबट होतं, ते कबूल, थंडीत उबेला ठेवलं की होतं तसं. आणि कडक म्हणाल तर मीठ कमी पसरलं गेलं असेल एका बाजूला. पण हे असलं बोलायला मजा येते. मी त्यांच्याशी साखरेवरून चांगली दहा मिनिटं वाद घातला. त्या म्हणतात दीड वाटी, मी म्हणते सव्वा. वाद मिटला नाही. सूनबाई मधे पाणी प्यायला आली, दोघींकडे बघून गेली.

दुपारी ती गच्चीवर कपडे वाळत घालताना तिच्या आईशी बोलत होती. कान देऊन नाही ऐकलं, पण इथं राहून कन्नड कळायचं कुठं राहतं? केकाचंच चाललं होतं. ‘हळदी, केंपु’, म्हणजे पिवळा, लाल, एवढं नीट ऐकू आलं, आणि मग दोघी मायलेकी खूप वेळ हसत होत्या. तिकडे हुबळीतसुद्धा चवीचा विषय काही निघाला नाही. मला जिन्यात उभ्या उभ्याच हसू फुटलं. म्हणजे ह्या बाबतीत तरी सीमेच्या दोन्ही बाजूंचं एकमत.

आणि आत्ता हे लिहिताना मोबाईल वाजला. वन्सं कोल्हापूरला सुखरूप पोचल्या. कुंदा गाडीत थोडा चिरडला म्हणे. आणि मग, ‘वैनी, त्या केकाची कृती पाठव. आमच्या भिशीत १९ फेब्रुवारीला शिवजयंतीचा करायचाय. भगवा पाहिजे. कुठली बाटली आणू?’

त्यांच्याकडे तारखेनं, आमच्याकडे तिथीनं वैशाखात, हा वेगळाच वाद. तो आज नको.

मी लिहून पाठवलं, वेगळी बाटली कशाला? आमरसाचं पिवळं पीठ आणि लाल पीठ एकाच पातेल्यात घालून ढवळा, भगवाच होतो. लाल मात्र बेतानं, थोडं थोडं घाला. साखर सव्वा वाटी. बेकिंग पावडर नवीन आणा, तुमच्या कपाटातली ती जुनी वापरू नका. आणि फ्रीजरमध्ये आमरस नसेल तर आत्ताच सांगते, माझ्याकडचा संपला.