तुम्ही विचारलंत म्हणून: लिनक्स टाकलं की स्क्रीन काळी का होते?

"काका, लिनक्स टाकलं आणि स्क्रीन काळीठिक्कर! लॅपटॉप गेला का?"

सातपूरला घराच्या पुढच्या खोलीत मी जुने लॅपटॉप दुरुस्त करतो, त्यामुळे विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकणाऱ्यांचं हे वाक्य माझ्या कानावर सारखं पडतं. बहुतेक वेळा लॅपटॉप ठणठणीत असतो. कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतोय-विझतोय? म्हणजे आत सगळं जागं आहे, फक्त चित्र उमटत नाहीये.

पूर्वी ही भानगड हातानं निस्तरावी लागे. २००१ च्या सुमाराला मी मॉनिटरच्या सिंकचे आकडे (चित्र किती वेगानं रंगवायचं ते) एक्सफ्री८६ या, तेव्हा लिनक्सवर चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये स्वतः लिहायचो. एकदा अंदाजपंचे मोठा आकडा टाकला, तर डबा मॉनिटर बारीक शिट्टी वाजवायला लागला. बटण बंद करायला मी जो धावलो! चूक अर्थात माझीच.

आता मॉनिटर आपली माहिती स्वतःच सांगतो, आणि २००९ पासून स्क्रीनचा मोड (किती ठिपके, किती वेग) लावायचं काम हळूहळू कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरकडे गेलं. त्याच्यावर चित्र रेखाटायला मदत करणारी मेसा ही लायब्ररी, आणि त्याच्यावर प्रोग्रामच्या खिडक्या स्क्रीनवर मांडणारा डिस्प्ले सर्व्हर: एमआयटीत १९८४ साली जन्मलेला एक्स, नाहीतर २००८ मध्ये सुरू झालेला वेलँड. लोक वेलँडला शिव्या घालतात, पण लिनक्सचा लोगोसुद्धा न दिसता स्क्रीन काळी झाली, तर तो बिचारा अजून उठलेलाच नसतो. घोडं अडतं ते खाली, ड्रायव्हरपाशी.

इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत, आणि खुले, म्हणजे कोणालाही कोड वाचता येईल असे. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी 'नूव्हो' हा खुला ड्रायव्हर आहे, आणि तो लिहिणाऱ्यांची मला कमाल वाटते. कंपनीचा बंद ड्रायव्हर कार्डाला काय काय लिहितो ते टिपून, त्यावरून कार्डाची भाषा ओळखत त्यांनी तो उभा केला. २०२२ मध्ये कंपनीनं स्वतःचे कर्नल मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग) खुले केले, पण तेही ट्युरिंग या पिढीच्या आणि त्यापुढच्याच कार्डांसाठी. म्हणून जुना लॅपटॉप घेताना रॅमच्या आधी कार्ड विचारा. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा, मगच पैसे मोजा.

आणि आधीच अडकला असाल तर मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीत ई दाबा, 'लिनक्स' नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून नो-मोड-सेट (nomodeset) हे तीन इंग्रजी शब्द जोडून लिहा, एफ१० दाबा. मशीननं सुरुवातीला लावलेली स्क्रीन मग तशीच राहते. चित्र जाडंभरडं, व्हिडिओ अडखळत, पण योग्य ड्रायव्हर टाकण्यापुरतं दिसतं.

हे सगळं करायच्या आधी मोबाईलची टॉर्च स्क्रीनवर तिरपी धरा. गेल्या पावसाळ्यात गंगापूर रोडच्या एक ताई भर पावसात लॅपटॉप घेऊन आल्या. टॉर्च मारली तर लॉगिनची चौकट पुसटशी दिसत होती. ब्राइटनेस शून्यावर होता. त्यांनी चहाचे पैसे देऊ केले, मी घेतले नाहीत.