म्हापसा–चोर्ला–संकेश्वर–आंबोली : जुनी जीप हायवेवर नेण्याआधी

म्हापशाहून डिचोली, साखळी, केरी करत चोर्ला घाट चढायचा, कणकुंबी-जांबोटीवरून बेळगाव गाठायचं. तिथून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने वंटमुरीचा घाट पार करून संकेश्वर. मग गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा आणि पत्रादेवीच्या नाक्यावरून परत गोव्यात. हा फेरा तीनशे किलोमीटरच्या आसपास भरतो. जुन्या जीपची परीक्षा घ्यायला याहून चांगला मार्ग गोव्याच्या जवळपास नाही. चोर्ल्याची चढण रेडिएटर बघते, बेळगाव-संकेश्वर पट्टा स्टिअरिंग आणि डिफरन्शियल (ॲक्सलमधली, चाकांना ताकद वाटणारी दातऱ्यांची पेटी) बघतो, आंबोलीची उतरण ब्रेक बघते.

हा फेरा आम्ही केला ती गाडी महिंद्रा एमएम ५४०. २११२ सीसीचं प्यूजो एक्सडीपी डिझेल इंजिन, चार गिअर, डाना १८ ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी), ४.८८ चं डिफ, म्हणजे डिफरन्शियल (आत येणाऱ्या शाफ्टचे ४.८८ फेरे, चाकाचा एक), पुढे बसवलेले डिस्क ब्रेक, मागे मूळचे ड्रम. महामार्गावर ७० ते ७५ चा वेग निवांत धरला, चोर्ल्यात काटा वर गेला पण थांबावं लागलं नाही, आंबोली उतरताना पेडल खाली गेलं नाही. हायवेची जीप म्हटलं की लोक आधी इंजिन बदलायला निघतात. आमच्या मते क्रम नेमका उलटा हवा: आधी स्टिअरिंग, मग ब्रेक, मग डिफचं गुणोत्तर, आणि पैसे उरलेच तर इंजिन.

खरेदीपासून सुरुवात करू. गोव्यात जीपचा खरा शत्रू खारी हवा आणि पावसाळा. मोरजी-कळंगुटच्या बाजूला उघड्यावर उभी राहिलेली गाडी आणि वाळपई-साखळीकडे गोठ्यात झाकून ठेवलेली गाडी यांत चासिसच्या दृष्टीने फार फरक पडतो. बॉडीचा पत्रा बदलता येतो, चासिस बदलणं कागदोपत्रीही कटकटीचं. म्हणून छोटा हातोडा आणि पेचकस घेऊन गाडीखाली शिरा. पुढच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) हँगर, मागचा आडवा मेंबर आणि बॉडी माउंटच्या खालची जागा ठोकून बघा. धडधाकट लोखंड खणखणतं, कुजलेलं भद्द वाजतं. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर तिथे जास्तच ठोका. बॉडीवर लोहचुंबक फिरवा. जिथे तो पकडत नाही तिथे पुट्टी आहे.

कुळ्याला दूधसागरच्या फेऱ्या केलेली गाडी मिळाली तर तिचं इंजिन नियमित चाललेलं असतं, ही चांगली बाजू. पण नदीपात्रातून जाऊन जाऊन पुढच्या नकलमध्ये (चाक वळतं तो सांधा), हबमध्ये (चाकाचा मधला भाग) आणि डिफमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं. डिफचा ड्रेन बोल्ट सैल करा. ऑइल दुधाळ चहाच्या रंगाचं निघालं तर सगळे बेअरिंग आणि सील बदलायचा खर्च धरून भाव सांगा. ही गाडी व्यावसायिक नोंदणीची असते. परमिट जमा करून खाजगीत बदलून देणं विकणाऱ्याच्या गळ्यात घाला, तुमच्या नाही.

इंजिन थंड असताना सुरू करून बघा. आदल्या मिनिटाला तापवून ठेवलेलं इंजिन काहीच सांगत नाही. सुरू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण काढा. थोडी वाफ चालते, पण फुसफुस करत धूर यायला लागला तर रिंग-लायनर (पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरचं अस्तर) गेलेत. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग किंवा बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधला सील) गेलेलं, किंवा हेडलाच चीर. एक्सडीपी एकदा कडक तापलं की हेड वाकतं, आणि नुसतं गॅस्केट बदलून भागत नाही. हेड उतरवून फेसिंग (घासून सपाट करणं) आणि प्रेशर टेस्ट करावी लागते.

कागदांबाबत एक गोष्ट नीट समजून घ्या. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे, नंबरात ‘व्हीए’ येतं. हौसेने ती करू नका. त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती असल्या कारणांपुरतीच बाहेर काढता येते. हायवेवर चालवायची तर साधी खाजगी नोंदणीच ठेवा. ती पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. जुनं नोंदणी पुस्तक सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर चढलेलं आहे का, हे पैसे देण्याआधी बघा. चासिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा काढा आणि पुस्तकाशी अक्षर-अक्षर जुळवा. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी (ना-हरकत), मग मालकी बदलाचे २९ आणि ३०. इंजिन, इंधन किंवा सीट बदलायचं मनात असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आधी. काम करून मग विचारायला गेलात तर नूतनीकरणाला गाडी अडते. विम्यात गाडीची किंमत आपसात ठरवून लिहून घेता येते, तेव्हा फोटो आणि बिलं जपून ठेवा.

आता स्टिअरिंग. खड्ड्यावरून गेल्यावर ५०-६० च्या वेगात पुढची चाकं थडथड नाचायला लागतात, आणि गाडी जवळजवळ उभी केल्याशिवाय थांबत नाहीत. मेकॅनिक बहुतेक वेळा स्टिअरिंग डँपर (झटके शोषणारा दांडा) लावून देतो. डँपर दुखणं झाकतो, काढत नाही. एकाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं हलवायला सांगा आणि तुम्ही खाली बसून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवत जा: ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून येणारा दांडा), बेलक्रँक (मधला फिरता हात) असेल तर तो, मग टायरॉडचे (चाकं एकमेकांशी जोडणाऱ्या दांड्याचे) एंड. जिथे एक भाग हलतो आणि पुढचा थांबून मग हलतो, तिथे प्ले (ढिलेपणा) आहे. नंतर पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. हललं तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खुंटी) बेअरिंग. ब्रेक दाबून धरल्यावर हालणं थांबलं तर व्हील बेअरिंग, तरीही हललं तर किंगपिन. किंगपिनच्या टोपीखाली पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) असतात. सारख्या जाडीचे शिम वरून आणि खालून काढत ताण आणायचा, एकाच बाजूने नाही.

हे सगळं झाल्यावर पाट्यांचे बुश (सांध्यातली नळी) आणि शॅकल (पाट्याचं टोक झुलतं ती कडी). बसलेले पाटे आणि उंची वाढवायला लावलेले लांब शॅकल ॲक्सलचा कल बदलतात, आणि गाडी सरळ रस्त्यावर भरकटायला लागते. कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) साधारण ३ अंश हवा; कमी भरला तर पाट्याखाली लोखंडी पाचर घालून आणता येतो. टो-इन (पुढची चाकं समोरून जेवढी आत वळलेली असतात ते) १.५ ते २.५ मिमी. जास्त टो-इन देऊन गाडी ‘घट्ट’ करायची युक्ती टायर खाते. या फेऱ्यात महामार्गाच्या सांध्यांवर ७५ ला एका हाताने स्टिअरिंग धरता येत होतं, ते नवे टायरॉड एंड आणि शॅकल बुश यांच्यामुळे.

ब्रेकमध्ये पहिलं काम मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या पंपाचं). जुन्या जीपना एकच सर्किट असतं. एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवा. रबरी होज तीन असतात, दोन पुढे आणि एक मागे. बाहेरून चांगले दिसले तरी तिन्ही नवे घाला, कारण ते आतून सुजतात आणि चाक धरून ठेवतात. पुढे डिस्क लावत असाल तर ड्रमसाठीच्या मास्टरमध्ये असलेला रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लायनीत थोडा दाब राखणारा) पुढच्या लायनीतून काढलाच पाहिजे. तो राहिला तर पॅड कायम घासत राहतात, वीस किलोमीटरमध्ये डिस्क निळी पडते आणि दोष कॅलिपरवर (पॅड दाबणाऱ्या भागावर) जातो. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) हवा असेल तर डिझेल इंजिनाला स्वतःचा व्हॅक्यूम नसतो, हे लक्षात ठेवा. मागे व्हॅक्यूम पंप असलेला आल्टरनेटर लावा; त्याच्या ऑइलच्या पाइपला गळती असेल तर इंजिन ऑइल गुपचूप कमी होतं.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि कोकण-गोव्याच्या हवेत ते फार लवकर होतं. कोरडं डॉट ३ उकळायला किमान २०५ अंश लागतात, ओल धरलेलं १४० लाच उकळू शकतं. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. आंबोलीपासून दाणोलीपर्यंतच्या उतरणीत हा फरक पायाला कळतो. डॉट ४ भरा आणि दर वर्षी पावसाळा संपला की बदला. उतरताना ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. ट्रान्स्फर केसच्या मागे शाफ्टवर बसवलेला हँडब्रेक असेल तर गाडी चालू असताना तो ओढू नका. सगळा झटका क्रॉस (शाफ्टचा सांधा) आणि ॲक्सल शाफ्टवर येतो.

डिफचं गुणोत्तर विकणाऱ्याला विचारू नका, मोजा. मागचं एक चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या, गिअर न्यूट्रलला. उचललेलं चाक पूर्ण दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे (डिफला ताकद नेणाऱ्या दांड्याचे) फेरे मोजा. खडूने खूण केली की सोपं जातं. पाच आणि एक तृतीयांशहून थोडे जास्त फेरे म्हणजे ५.३८, पाचाला जरा कमी म्हणजे ४.८८, सव्वाचार म्हणजे ४.२७. ६.००-१६ चा टायर किलोमीटरला साधारण ४५० फेरे घेतो. टॉप गिअर थेट (१:१) असेल तर ताशी ८० ला इंजिन ५.३८ वर ३,२३० आरपीएम फिरतं, ४.८८ वर २,९३०, ४.२७ वर २,५६०. एक्सडीपीला २,७०० च्या खाली तासन्‌तास चालवता येतं. ४.८८ वर ७५ च्या आतबाहेरच थांबायचं ते म्हणून.

क्राउन-पिनियन (डिफचं गुणोत्तर ठरवणारी दातऱ्यांची जोडी) बदलायचं तर पुढचं आणि मागचं दोन्ही बदला. नुसतं मागचं बदलून फोर-व्हील टाकलं तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्स्फर केस मोडते. डाना १८ चं मागचं आउटपुट एका बाजूला असतं, म्हणून मधोमध डिफ असलेला दुसऱ्या मॉडेलचा ॲक्सल सरळ बसत नाही. भंगारवाल्याने ‘बसेल’ म्हटलं तरी माप घेऊन बघा. ३१ इंची टायर लावून आरपीएम कमी करण्याचा मार्ग स्वस्त वाटतो. इंजिन सुमारे सात टक्के हळू फिरतं खरं, पण ब्रेक तेवढेच ढिले पडतात, स्टिअरिंग जड होतं आणि स्पीडोमीटर तेवढाच कमी दाखवतो. खाचांचे मिलिटरी पॅटर्न टायर चिखलात छान, ओल्या डांबरावर घसरडे. हायवेसाठी रेडियल घ्या.

प्रोपेलर शाफ्टच्या सरकत्या सांध्यावर दोन बाण असतात, ते एका रेषेत आहेत का बघा. एक दात चुकला तरी ६० नंतर फरशी थरथरते आणि लोक इंजिन माउंट बदलत बसतात.

चोर्ल्यात केरीपासून चढण लागली की दुसरा-तिसरा गिअर धरून काटा बघत राहा. रेडिएटर चार ओळींच्या कोअरचा केला, पंख्याभोवती श्राउड (हवा रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणून कडं) लावला आणि झाकणाचा स्प्रिंग दाब धरत असेल तर बाकी काही लागत नाही. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा सल्ला सर्रास मिळतो, ऐकू नका. वर पोचल्यावर इंजिन लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा.

वायरिंगबद्दल थोडक्यात: हेडलाइटला रिले, प्रत्येक लायनीला फ्यूज, आणि बॅटरी-चासिस-इंजिन-बॉडी असे जाड अर्थ पट्टे. गंजलेल्या अर्थमुळेच निम्मे दिवे मंद असतात. सीट बेल्टचा बोल्ट नुसत्या पत्र्याला कसू नका. खाली ३ मिमी जाड लोखंडी चौकोन द्या.

बेळगाव-संकेश्वरच्या मध्ये हत्तरगीला टोल आहे, फास्टॅग जीपलाही लागतो. डावी लेन धरा, आरशात बघत राहा. मागून येणाऱ्याला तुमचा वेग दुरून कळत नाही, म्हणून मागे रिफ्लेक्टर आणि चांगले ब्रेक लाइट हवेत.

सोबत फॅन बेल्ट, रेडिएटरचे वरचे-खालचे होज, एक क्रॉस, डिझेल फिल्टर, ब्रेक ऑइलची बाटली, तार आणि पाच लिटर पाणी ठेवा. बऱ्याच जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. रस्त्यात टायर बदलणाऱ्याला आधी सांगा, नाहीतर तो पाइप घालून स्टड तोडतो. घरी आल्यावर हबना हात लावून बघा: एकच जास्त गरम असेल तर तिथला बेअरिंग किंवा ब्रेक घट्ट आहे. पाट्यांचे यू-बोल्ट पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा कसा. मागचा ॲक्सल निमुळत्या टोकाचा असेल तर मधला नट किमान २०० न्यूटन-मीटरला कसलेला हवा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे कसून जुळवायचा, मागे सोडून नाही.