शनिवारी घाणा बंद

ठाण्याची माझी बालमैत्रीण गेल्या आठवड्यात जरा रागावलीच. तिच्या नातीचं बारसं शनिवारी सकाळी होतं. सगळ्या जणी जमल्या होत्या, व्हिडिओ कॉल लावून मला पाळणा दाखवायचा असं ठरलं होतं आणि माझा फोन काही लागेना. "इतकी कसली गं कामात होतीस?" तिने नंतर विचारलं. मी कामात नव्हते. फोन बंद करून, रुमालात गुंडाळून मी स्वयंपाकघरातल्या खणात ठेवला होता. शुक्रवारी संध्याकाळी ठेवते, शनिवारी रात्री काढते. हे तिला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. ठाण्यात वाढले, टेंभी नाक्याजवळच्या 1879 सालच्या शाआर हाशामाईम सिनेगॉगमध्ये लहानपणी वडिलांचा हात धरून जायचे. आता बारा वर्षं झाली, अश्दोदमध्ये राहते. इस्रायलच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे बंदराचं शहर. इथे आपली माणसं बरीच आहेत. डिमोना, लोद, बेरशेवा इथेही आहेत. माझ्या गल्लीत अजून तीन घरांतून मराठी ऐकू येतं. पोहे, कोकम, गरम मसाला, सगळं मिळतं. समुद्रही आहे, आणि संध्याकाळचा वारा सुटला की मला अलिबागच आठवतं.

अलिबागचं नाव आलंच आहे तर आमची जुनी गोष्ट सांगते. फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, अशी आमच्यात परंपरा आहे. किती शतकांपूर्वीची ही गोष्ट, यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. पण परंपरेतलं एक मला नेहमी हलवून जातं. पोथ्या बुडाल्या. भाषा हळूहळू गेली. प्रार्थनांपैकी फक्त "शेमा इस्राएल" ओठांवर राहिलं. मुलांची सुंता, पर आणि खवले असलेलेच मासे खायचे हा नियम, आणि शब्बाथ. म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत काम थांबवायचं. एवढ्या शिदोरीवर कोकणातल्या गावांतून पिढ्यान् पिढ्या काढल्या.

आमचे पूर्वज तेल गाळायचे. गावात सोमवारी घाणा बंद ठेवणारे तेली होते, आमचे लोक शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव दिलं शनिवार तेली. माझी आजी हे नाव अभिमानाने सांगायची. "आपल्याला कुणी धर्म विचारला नाही," ती म्हणायची, "घाणा बंद दिसला, तेवढ्यावरून ओळखलं." लहानपणी मला ते फक्त गंमतीचं वाटायचं. आता हिशोब कळतो. घाणा एक दिवस थांबला तरी बैलाला वैरण लागतेच. गिऱ्हाईक दुसऱ्या घाण्यावर जातं. हातावर पोट असणाऱ्या माणसाने आठवड्यातला एक दिवस सोडून द्यायचा, तोही ना पोथी, ना रब्बी (धर्मगुरू), ना कुणी बघायला आलेलं असताना. त्या लोकांना मी रोज नमस्कार करते.

ठाण्यात माझ्या वडिलांचा घाणा म्हणजे कारखाना. साप्ताहिक सुट्टी रविवारची. ते दर शनिवारी सुट्टी मागू शकत नव्हते. मग कुणाच्या रविवारच्या पाळ्या घेऊन त्याबदल्यात महिन्यातले दोन शनिवार सोडवायचे. उरलेले दोन शनिवार कामावर जायचे, पण डब्यात आईने शुक्रवारीच करून ठेवलेलं जेवण असायचं आणि ते दिवसभर एकही पैसा खर्च करायचे नाहीत. बसचं भाडंसुद्धा नाही, चालत जायचे. अर्धा शब्बाथ, आई म्हणायची. मला तो कधी अर्धा वाटला नाही.

इथे आले तेव्हा वाटलं होतं, आता सगळं सोपं. आणि एका अर्थी आहेच. इथला 1951 सालचा कायदाच आठवड्याला सलग 36 तासांची विश्रांती देतो, आणि ज्यू माणसासाठी ती शनिवारची धरतो. शुक्रवारी दुपारनंतर बाजार रिकामा होत जातो, बस थांबतात. शब्बाथचे दिवे लावायची वेळ छापून येते. डिसेंबरात ती साडेचारच्या आतच येते, जूनमध्ये साडेसातच्या सुमाराला. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, तर विमानतळसुद्धा बंद असतो, दूरदर्शनच्या वाहिन्या थांबतात आणि रिकाम्या हमरस्त्यांवर मुलं सायकली फिरवतात. कोकणात आमचे लोक या दिवसाला दारफाळणीचा सण म्हणायचे. घराची दारं लावून आत उपास करत बसायचे. पहिल्या वर्षी खिडकीतून तो मोकळा रस्ता बघताना मी रडले. आजी दार लावायची आणि बाहेर गाव चालूच असायचं. इथे अख्ख्या गावानेच दार लावलं होतं.

पण मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की गाव थांबलं म्हणून मी थांबत नाही. रस्ता शांत, दुकान बंद, आणि सोफ्यावर बसून माझं बोट फोनवर चाललेलं. ठाण्याच्या ग्रुपवर कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, कुठल्याशा डाळीच्या भावावरून वाद. शब्बाथचे दिवे माझ्यासमोर जळत असायचे आणि मी दुसरीकडेच. वडिलांना मालक थांबू देत नव्हता. मला कुणीच अडवत नव्हतं, तरी मी थांबत नव्हते. या विचाराची मला लाज वाटली. खणातला रुमाल तेव्हापासूनचा आहे.

पहिले चार-पाच शनिवार वाईट गेले. हात आपोआप खणाकडे जायचा. आई तेव्हा ठाण्यात आजारी होती आणि मनात सतत यायचं, आत्ताच काही झालं असेल तर? शेवटी भावाशी ठरवलं, तसं काही झालं तर त्याने शेजारणीच्या घरी फोन करायचा. ती धार्मिक नाही, तिचा फोन चालू असतो. पुढे आई गेली ती मंगळवारी. शनिवारी गेली असती तर मी काय केलं असतं, हे मी अजून स्वतःला विचारते.

स्वयंपाकाचंही सांगायला हवं, कारण श्रद्धेचा निम्मा भाग आमच्याकडे चुलीपाशीच असतो. मांसाबरोबर दूध-तूप चालत नाही, म्हणून आमच्या कोंबडीच्या रश्श्यात पहिल्यापासून नारळाचं दूध. शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही, स्वयंपाक करायचा नाही. इथे घरोघरी प्लाता असते, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताआधी चालू करून ठेवायची विजेची गरम पाटी. नियम असा शिकले की शिजलेला कोरडा पदार्थ शनिवारी त्यावर गरम करायला ठेवता येतो, पण थंड झालेला रस्सा नाही. रस्सा हवा तर शुक्रवारपासूनच पाटीवर हवा. मी ठेवला. शनिवारी दुपारी झाकण उघडलं तर नारळाचं दूध फाटलेलं, तेल वर, चोथा खाली. तीन आठवडे हेच. मग एका म्हाताऱ्या रोहेकर बाईंनी सांगितलं, अगं शुक्रवारी रात्री रस्सा जेव, शनिवारसाठी सुकं कर. आता आमचा शनिवारचा बेत म्हणजे सुकं चिकन, भात आणि थंड कोशिंबीर. किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या आशीर्वादाला, मात्र मी बाटलीतली वाईन आणत नाही. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून शरबत करते. कोकणात द्राक्षाची दारू कुठून मिळणार, म्हणून आमच्या बायकांनी काढलेली वाट आहे ती. ती सोडावीशी वाटत नाही.

नोकरीत मला दर शनिवार मोकळा नसतो. मी वृद्धाश्रमात काम करते आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शनिवार-रविवार नसतो. धर्मच सांगतो की जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ बाजूला ठेवायचा. नुसती परवानगी नाही ती, तेच कर्तव्य आहे. माझी पाळी असली की मी चालत जाते, चाळीस मिनिटं, वडिलांसारखीच. एक जुनी परिचारिका शनिवारी तापमान-औषधाची नोंद डाव्या हाताने करते. आवश्यक ते लिहायचं, पण रोजच्यासारखं नाही, म्हणजे हाताला आठवण राहते की आज वार कोणता आहे. एका आजोबांना स्मृतिभ्रंश आहे, मुलांची नावंही आठवत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागले की मात्र त्यांच्या तोंडून शेमा अख्खं बाहेर पडतं. मी त्यांच्या पलंगाशी उभी राहते तेव्हा मला नवगावचं गलबत आठवतं.

एका शनिवारबद्दल थोडंच लिहिते. 7 ऑक्टोबर 2023, हमासच्या हल्ल्याचा दिवस. शब्बाथ होता आणि सिमहात तोराचा सणही. सकाळी साडेसहाच्या सुमाराला भोंगे वाजायला लागले. माझा फोन खणात. काय चाललंय, मुलगा कुठे आहे, काहीच कळेना. जिन्यात शेजारणीने तिचा फोन पुढे केला आणि मी घेतला. तेव्हापासून या भागात जे जे घडलं, ज्या ज्या आयांनी मुलं गमावली, गाझाच्या भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे, त्या सगळ्यांसाठी मी दिवे लावताना थांबते. याहून जास्त लिहिण्याची ताकद माझ्यात नाही.

त्या काळात रेडिओ घेतला. इथे एक सोय आहे, गल शाकेत, म्हणजे मूक लहर. 1991 च्या आखाती युद्धापासूनची. शुक्रवारी रेडिओ त्या लहरीवर लावून ठेवायचा. तो गाणी लावत नाही, बातम्या देत नाही, पूर्ण गप्प असतो. फक्त धोक्याची सूचना आली तर बोलतो. दिव्यांच्या शेजारी फळीवर तो गप्प रेडिओ असायचा. प्रार्थना करताना माझं अर्धं लक्ष त्याच्याकडे असायचं. देवाला ते कळलं असेल असं मी मानते.

मुलगा सैन्यातून सुखरूप घरी आला तेव्हा आम्ही मलिदा केला. ठाण्यात बघितला असेल तुम्ही कुणी कुणी. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, भोवती फळं मांडायची आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाहूचं, स्तवन म्हणायचं. कोकणात अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत असं आमचे लोक मानतात, तिथे नवस फेडायला जातात. सून मोरोक्कोकडच्या घराण्यातली. तिच्या वडिलांनी ताट बघून अगदी सरळ विचारलं, "हे कुठल्या ग्रंथात लिहिलंय?"

त्या प्रश्नात वाईट हेतू नव्हता. पण आमच्या लोकांना तो फार जुना आहे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या धर्माधिकाऱ्यांनी बेने इस्राएलांच्या लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करायला सांगितलं होतं. आमचे लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, आणि 1964 साली संसदेने हे सगळ्या बाबतीत ज्यूच आहेत असं स्पष्ट सांगितलं तेव्हा ते मिटलं. ज्यांनी पोथी नसताना शनिवार सांभाळला त्यांच्याकडे कागद मागितला गेला. मला याचा आजही त्रास होतो, आणि तो लपवावासा वाटत नाही.

व्याह्यांना मी म्हटलं, "ग्रंथ आमचे बुडाले होते. जे हातात होतं त्याने आभार मानले. पोहे होते." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग फळांवरचे आशीर्वाद त्यांनी स्वतः म्हटले, झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीतल्या पिकाचा वेगळा, खणखणीत आवाजात. यंदा त्यांच्या घरच्या कार्याला त्यांनीच मला विचारलं, ते पोहे कुठल्या दुकानात मिळतात.

मुलगा माझ्यासारखा शब्बाथ पाळत नाही. संगणकातली नोकरी, तेल अवीवला राहतो, शनिवारी गाडी चालवतो. मी त्याला एकदाच बोलले, पुन्हा नाही. तो शनिवारी दुपारी जेवायला येतो तेव्हा गाडी दोन गल्ल्या अलीकडे उभी करून चालत येतो. दार उघडताच फोन बंद करून माझ्या खणात टाकतो, माझ्या फोनच्या शेजारी. मग आम्ही सुकं चिकन आणि भात खातो, तो आजोबांच्या पाळ्यांची गोष्ट मला पुन्हा सांगायला लावतो, आणि उन्हं कलेपर्यंत कुणाचीच घाई नसते.

तर बाई, बारशाचे फोटो मी शनिवारी रात्रीच पाहिले, आणि नाव फार गोड ठेवलंय. यापुढे असं करू या. आकाशात तीन तारे दिसले की माझा शब्बाथ संपतो. हिवाळ्यात तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे पावणेनऊ-नऊ होतात, लगेच फोन करीन. उन्हाळ्यात मात्र अकरा वाजतील आणि तुम्ही झोपलेल्या असाल. तेव्हा रविवारी सकाळी करीन, पण लवकर उचला, कारण रविवारी माझी पाळी सातला सुरू होते.